प्रस्तावना : दोन येळवशींचा हिशेब

लातूरकडची लेक मुदखेडला दिलेली. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, पण माहेरची येळवस तिनं सोडली नाही. मार्गशीर्षातली अमावस्या जवळ आली की ज्वारीच्या पिठाची आंबिल घालायची. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे सोलायचे. मेथी, चुका, कांद्याची पात निवडायची. चिंचेच्या कोळात बेसन कालवून भज्जी लावायची, बाजरीचे उंडे उकडायचे. शेतातल्या कोपीपाशी पंचवीस-तीस पानं उठायची. कशात किती मीठ, हे तिच्या हातालाच ठाऊक. एका वर्षी मात्र ती चुलीपुढे पातेलं घेऊन नुसती बसून राहिली. दाणे शिजलेले, पीठ कालवलेलं, आणि आता आधी काय ओतायचं ते सुचेना. सुनेनं विचारलं, "आत्याबाई, काय झालं?" तर चिडून म्हणाली, "काई नाही. डोळ्यात धूर जायलाय." सुनेनं पातेलं हातात घेतलं आणि पुढचं निभावून नेलं. जेवणारे जेवून गेले, भज्जीला नावं कुणी ठेवली नाहीत. झालं ते दोघींतच राहिलं.

हे घर मी रचलेलं आहे. पण म्हाताऱ्या माणसांबरोबर राहिलेल्या वाचकाला ते अनोळखी वाटणार नाही. स्मृतिभ्रंशाचा, म्हणजे डिमेन्शियाचा अभ्यास मेंदूच्या स्कॅनपासून सुरू होतो, असा समज आहे. खरं तर तो या पातेल्यापाशी सुरू होतो. हातवळणीचं काम पहिल्यांदा कुठे आणि कधी अडलं हे ज्यानं पाहिलं, त्याच्याजवळ या शास्त्राला लागणारा सर्वांत मोलाचा पुरावा असतो. हे पुस्तक त्या पाहणाऱ्यासाठी आहे. मग तो वैद्यकाचा विद्यार्थी असो, गावातली आशाताई असो, की सासूच्या हातातलं पातेलं घेणारी सून असो. या विषयात आपलं स्वागत.

आधी शब्दांचं पाहू, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. साठी बुद्धी नाठी, म्हातारचळ, डोकं फिरलंय, 'म्हातारीच्या काही ध्यानात ऱ्हाईना गेलंय' : आपल्याकडे या अवस्थेला शब्द कमी नाहीत. पण हे सगळे शब्द प्रश्न मिटवणारे आहेत. वय झालं, चालायचंच, असं म्हटलं की पुढे विचारायला काही उरत नाही. वयाबरोबर धोका वाढतो हे खरं. पण भारतभरातल्या वृद्धांच्या 'लासी' पाहणीला जोडून झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की साठीपुढच्या १०० जणांमागे साधारण सात-साडेसात जणांना स्मृतिभ्रंश आहे. उरलेल्या ब्याण्णव-त्र्याण्णव जणांना तो नाही. म्हातारपण हेच कारण असतं तर हा हिशेब जुळला नसता.

'स्मृतिभ्रंश' हा शब्दही जरा जपून वापरावा लागतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो येतो, पण तिथे तो क्रोधातून ओढवणाऱ्या विवेकनाशाच्या साखळीतला एक दुवा आहे. त्या अर्थाची सावली आजच्या वापरावर पडते आणि आजारी माणसाचं काहीतरी चुकलं असणार, असं नकळत वाटून जातं. या पुस्तकात हा शब्द केवळ वैद्यकीय अर्थानं घेतला आहे. त्यात दोष कुणाचाच नाही.

दुसरी गोष्ट, हे एका आजाराचं नाव नव्हे. कपाशीवर लाल्या आला असं शेतकरी म्हणतो, तेव्हा तो पानं लाल पडल्याचं सांगत असतो. कारण मॅग्नेशियमची कमतरता असेल, तुडतुडे असतील, रात्रीची थंडी असेल. कारण न शोधता फवारणी केली तर पैसा जातो आणि पीकही जातं. स्मृतिभ्रंश हे असंच वरून दिसणारं रूप आहे. आठवण, भाषा, दिशा, हिशेब, कामाचा क्रम, तारतम्य यांतलं काही ना काही पूर्वीपेक्षा इतकं ढासळतं, की रोजचा व्यवहार एकट्यानं उरकत नाही. या वाक्यातला कळीचा शब्द 'पूर्वीपेक्षा'. ज्याला कधीच हिशेब येत नव्हता, त्याला आजही येत नाही, यावरून काही ठरत नाही. जी बाई तीस पानांची भज्जी डोळे मिटून लावत होती तिचा हात थांबला, यावरून ठरतं.

म्हणून 'किती विसरतात?' हा प्रश्न पुरत नाही. मुदखेड हे जंक्शन. इथून एक फाटा भोकर, हिमायतनगर, किनवटवरून आदिलाबादला जातो, दुसरा उमरी, धर्माबाद, बासरवरून निजामाबादकडे. रेल्वेत जन्म घालवलेला एखादा म्हातारा दोन्ही मार्गांची स्टेशनं ओळीनं म्हणून दाखवतो, १९७४ च्या संपातले वीस दिवस कसे काढले ते रंगवून सांगतो. घरचे म्हणतात, "बाबाचं डोकं शाबूत हाय." आणि हाच माणूस तासाभरापूर्वी जेवल्याचं विसरून पुन्हा ताट मागतो. जुनं खोल मुरलेलं असतं, ते टिकतं. नवं मुरत नाही. स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर्स या प्रकाराची सुरुवात ओळखायची ती या फरकावरून. आणि बुद्धी तल्लख असली म्हणजे हा आजार शिवत नाही, असंही कुणी समजू नये. ज्यांच्या हाकेनं १९७४ च्या त्या मे महिन्यात देशभरातली रेल्वे थांबली, त्या अनेक भाषा बोलणाऱ्या जॉर्ज फर्नांडिस यांची शेवटची वर्षं अल्झायमर्सनंच व्यापली होती. २०१९ मध्ये ते गेले.

बाकीच्या खुणाही अशाच, रोजच्या कामातल्या. फुलांच्या सौद्यात बोटांवर हिशेब करणारा माणूस पाचशेची नोट देऊन सुटे घ्यायचं विसरतो, आणि हे पुन्हा पुन्हा होऊ लागतं. शेताची वाट चुकते, तीही रोजची. नेहमीची वस्तू समोर असून नाव ओठांवर येत नाही, 'ते गं... ते' एवढंच. एकच प्रश्न तासात दहा वेळा. रात्री उठून 'मला घरी जायचंय' म्हणणं, घरातच असताना. हरिपाठाला रोज जाणारा माणूस जाणं सोडतो, आणि आपण म्हणतो, आता विसावा घेतोय. ही विरक्ती नसते, मेंदूतली उमेदच विझत चाललेली असते. आणि एक खूण अशी, जिच्यामुळे आपल्याकडची घरं फुटतात : "माझ्या पाटल्या सुनेनं नेल्या." पाटल्या तांदळाच्या डब्यात सापडतात, ठेवलेल्या सासूनंच, पण ठेवल्याची आठवण नसल्यामुळे मनाला दुसरं स्पष्टीकरण लागतं, आणि ते सर्वांत जवळच्या माणसावर जाऊन पडतं. जी रात्रंदिवस करते तीच चोर ठरते. हे भांडण सासू-सुनांचं वाटतं, पण असतं आजाराचं.

यातलं बरंचसं लांबच्या मुलांना कळत नाही, कारण फोनवर सगळं ठीक वाटतं. 'बरी हाय, तू कसायस, लेकरं कशी हायत' ही देवाणघेवाण तोंडवळणी पडलेली असते, ती उशिरापर्यंत टिकते. नंदीग्राम एक्स्प्रेसनं दिवाळीला उतरलेल्या मुलाला चौथ्या दिवशी धक्का बसतो आणि त्याला वाटतं, हे आत्ताच झालं.

दवाखान्यातल्या चाचण्यांचीही एक अडचण आहे आणि आपल्या भागात ती फार मोठी आहे. जगभर वापरली जाणारी मिनी मेंटल स्टेट परीक्षा फोल्स्टाइन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी १९७५ मध्ये मांडली. त्यात आजची तारीख विचारतात, शब्दाचं स्पेलिंग उलटं म्हणायला सांगतात, एक वाक्य लिहून मागतात. कधी शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईचे गुण त्यात जातातच, मेंदू ठणठणीत असला तरी. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत काम करणाऱ्या संशोधकांनी १९९५ च्या सुमारास हिंदीत वेगळी परीक्षा बांधली ती याच कारणानं. स्पेलिंग उलटं म्हणण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे, असे बदल त्यात केले. मुदखेडच्या आजीला इंग्रजी तारीख माहीत नसेल, पण महालक्ष्म्या होऊन गेल्या की यायच्या आहेत, अमावस्या जवळ आली का, काल घरी कोण आलं होतं, हे तिला माहीत असायला हवं. वय विचारलं तर ती म्हणेल, रझाकाराच्या वेळी मी पाळण्यात होते. म्हणजे १९४८ धरा. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेले, किल्लारीचा भूकंप झाला त्या साली नातू झाला : हेच तिचं पंचांग. ते जुळतं का पाहावं, आणि मग कालचं विचारावं.

भाषेचंही भान ठेवावं लागतं. नांदेड जिल्ह्यात घरी तेलुगू, उर्दू किंवा गोरमाटी आणि बाजारात मराठी बोलणारी माणसं पुष्कळ. आजारात मागून शिकलेली भाषा अनेकदा आधी मागे पडते. ज्याला आपण 'काही बोलेना' म्हणतो तो त्याच्या आईच्या भाषेत अजून बोलत असतो. आणि या सगळ्याच्या आधी कान-डोळे तपासावेत. ऐकू न येणाऱ्या, मोतीबिंदू पिकलेल्या माणसाला विसराळू ठरवणं फार सोपं आहे.

आता प्रकारांकडे वळू. पुढच्या प्रकरणांत ते तपशिलानं येतील. इथे फक्त त्यांच्या चाली सांगतो, कारण प्रत्येकाची चाल वेगळी आणि उपायही वेगळा.

अल्झायमर्सची चाल सावकाश उतरणीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी ६० ते ७० टक्के याचे असू शकतात. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगुस्टे डीटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिच्या ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं. काय खातेस, असं विचारल्यावर तिनं पालक सांगितला. आलोइस अल्झायमर या डॉक्टरनं ते जसंच्या तसं टिपून ठेवलं. १९०६ मध्ये ती वारल्यावर तिच्या मेंदूत त्याला पेशींबाहेर साचलेली पुटं आणि पेशींच्या आत पडलेले गुंते दिसले. आज पुटांतल्या प्रथिनाला अमायलॉइड आणि गुंत्यांतल्या प्रथिनाला टाऊ म्हणतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी : तिच्या घरच्यांच्या नजरेत सगळ्यांत आधी भरला तो नवऱ्यावरचा संशय. विसरणं मागून आलं. पाटल्यांची गोष्ट शंभर वर्षांपूर्वी जर्मनीतही होतीच.

दुसरा प्रकार रक्तवाहिन्यांचा. त्याची चाल पायरीपायरीनं उतरणारी. अंगावरून वारं गेलं, थोडं सावरलं, पण आधीची पातळी आली नाही. सहा महिन्यांनी पुन्हा एक पायरी खाली. काही वेळा मोठा झटका न येता बारीक वाहिन्याच एकेक बंद पडत जातात. तेव्हा विचार मंदावतो, कामाची जुळवाजुळव जमत नाही, चाल घसटती होते, लघवीवरचा ताबा सुटतो. मागे बहुधा वर्षानुवर्षं न तपासलेलं बीपी आणि शुगर असते. म्हणजे आपल्या हातातला सर्वांत मोठा उपाय गावच्या उपकेंद्रात, पट्टा बांधून घेण्यात आहे.

तिसरा प्रकार लेवी बॉडीचा, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त गैरसमज याच्याबद्दल. आजी दुपारी स्वच्छ बोलते, संध्याकाळी धुंदीत. अंगणात लहान लेकरं खेळताना दिसतात, त्यांना जेवायला घाल म्हणते. मांजर दिसतं, नसलेलं. चाल आखडते, वरचेवर पडते. झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं हे तर आधीची कित्येक वर्षं चाललेलं असतं. दिसणारी लेकरं म्हटल्यावर घर देवऋषाकडे धावतं. फ्रिट्झ लेवीनं १९१२ मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत पेशींमधले गोळे पाहिले, त्याच या लेवी बॉडी. केंजी कोसाका या जपानी डॉक्टरनं १९७६ पासून त्यांचा या स्मृतिभ्रंशाशी संबंध जोडला. नाव माहीत असण्याचा इथे रोकडा उपयोग आहे : भास थांबवायला म्हणून दिलं जाणारं हॅलोपेरिडॉलसारखं औषध या रुग्णांना एकाएकी ताठ करू शकतं, जिवावरही बेतू शकतं. म्हणून 'आजीला लेकरं दिसतात आणि ती आखडत चाललीय' हे एकच वाक्य डॉक्टरच्या कानावर पडलंच पाहिजे.

चौथा, कपाळामागच्या आणि कानशिलाकडच्या भागाचा. हा बऱ्याचदा पन्नाशीतच गाठतो आणि आठवण सुरुवातीला शाबूत ठेवतो. प्रागमधल्या आर्नोल्ड पिकनं १८९२ मध्ये पहिली अशी नोंद केली. शिस्तीचे म्हणून नावाजलेले गुरुजी चारचौघांत अचकट बोलू लागतात, गाड्यावरचा पेरू उचलून चालू पडतात, गोडाचा सोस लागतो, घरात मयत झाली तरी चेहरा हलत नाही. गाव म्हणतं, चाळे सुटले. काहींची भाषाच आधी जाते. याला मनोविकार किंवा व्यसन समजून वर्षं वाया जातात.

उतारवयात एकाच मेंदूत दोन-तीन कारणं एकत्र नांदताना दिसतात, म्हणून निदानाचं नाव हे शेवटचं उत्तर मानू नये. आणि नाव द्यायच्या आधी, न विसरता, परतीच्या वाटा तपासाव्यात. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा मंदपणा, दोन महिन्यांपूर्वी न्हाणीत पडल्यानंतर कवटीखाली सावकाश साचलेलं रक्त, झोपेच्या गोळ्या, उदासीनता : यांनी स्मृतिभ्रंशाचं सोंग वठतं आणि उपचारानं ते पुष्कळदा उतरतं. उदासीन माणूस आपल्या विसराळूपणाची तक्रार स्वतः करतो. स्मृतिभ्रंशात बहुधा तक्रार घरचे करतात. आणि सगळं एक-दोन दिवसांत एकाएकी बिघडलं असेल तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. जुनी माणसं त्याला वात झाला म्हणायची. मे महिन्यात पाणी कमी पडलेली आजी, लघवीचा संसर्ग झालेले आजोबा असे बरळू लागले, तर तो त्याच दिवशी दवाखाना गाठायचा प्रसंग आहे.

सुरुवातीला सांगितलेल्या 'लासी'च्या २०२३ मधल्या अंदाजानुसार देशात सुमारे ८८ लाख लोक या अवस्थेत आहेत. पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. याचं एक कारण शाळेशी जोडलेलं आहे. २०२४ च्या लॅन्सेट आयोगानं टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली : कमी शिक्षण, बहिरेपण, बीपी, मधुमेह, धूम्रपान, डोक्याला मार, एकटेपणा अशी. ती सगळी दूर झाली तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा हिशेब. सत्तर वर्षांपूर्वी शाळेत न घातलेल्या मुलीचं देणं आज असं फिटतं आहे.

औषधांविषयी खोटी आशा दाखवणार नाही. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमॅन्टिन यांनी काही काळ आधार मिळतो. मूळ आजार थांबत नाही. मग ओळखून करायचं काय, असं कुणीही विचारेल. बरंच काही. चुकीचं औषध टळतं. बीपी, शुगर, कान, डोळे सुधारता येतात. जमिनीचं, पैशाचं, आपल्या शेवटच्या दिवसांचं जे ठरवायचं ते माणूस शुद्धीत असताना स्वतः ठरवू शकतो, कुणी अंगठा उमटवून घेण्याआधी. आणि भांडण थांबतं. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटात मोहन आगाशे यांनी उभा केलेला संस्कृत पंडित हत्तीच्या मागे चालत जातो. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. वाट चुकलेल्या त्या म्हाताऱ्याला सांभाळते माहुताची बायको. तिला आजाराचं नाव ठाऊक नसतं. समोर काय आहे ते मात्र ती पाहते.

या पुस्तकाची मांडणीही त्याच क्रमानं आहे : आधी पाहणं, मग विचारणं, मग तपासण्या, मग प्रकार, आणि शेवटी सांभाळणं. वाचकानं एक दोनशे पानी वही करावी. तीत 'विसरते' असं लिहू नये. कोणतं काम, कधी, कोणत्या टप्प्यावर अडलं ते लिहावं. औषधांच्या रिकाम्या पाकिटांसह ती वही घेऊन नांदेडच्या विष्णुपुरीतलं वैद्यकीय महाविद्यालय किंवा लातूरचं गाठावं. तोवर बोलायला ज्येष्ठांसाठीचा १४५६७ आणि मानसिक आरोग्याचा टेलिमानस १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत.

सुरुवातीच्या घराकडे परत येऊ. दिवाळीला आलेला धाकटा मुलगा आईला घेऊन नांदेडला गेला आहे. डॉक्टर विचारतात, "कधीपासून?" तो म्हणतो, "दिवाळीपासूनच, साहेब. अचानक." मागे दाराशी सून उभी आहे, पाटल्यांचा आळ घेऊन. तिला कुणी विचारलेलं नाही. ती पदर सावरून एवढंच म्हणते, "नाही साहेब. दोन येळवशी झाल्या."

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवावी आणि पुढचा प्रश्न तिला विचारावा. हे पुस्तक तेवढ्यासाठी आहे.